पहिलं नाव कुणाचं?

संपादकांचा फोन जूनमध्ये आला. यंदाच्या अंकाचा विषय ‘पहिला’. “कुठला पहिला ते तुम्ही ठरवा, पण जाऊन, बघून लिहा,” एवढंच ते म्हणाले. फोन ठेवता ठेवताच माझं ठरलं होतं : परळ, केईएम हॉस्पिटल, ६ ऑगस्ट १९८६.

त्या दिवशी केईएममध्ये हर्षाचा जन्म झाला. आईच्या शरीराबाहेर, प्रयोगशाळेतल्या बशीत स्त्रीबीज फळवून, तयार झालेला भ्रूण आईच्या गर्भाशयात ठेवून जन्मलेलं मूल. ‘भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी’ हे शब्द त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचले. हा उपचार करणाऱ्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांचं नाव तेव्हापासून लोकांच्या तोंडी बसलं, आणि ते योग्यच होतं. पण या लेखासाठी वाचायला लागले, तसा मनात दुसराच माणूस येऊन बसला. डॉ. टी. सी. आनंदकुमार. परळच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन’चे तेव्हाचे संचालक. हर्षाच्या जन्मामागच्या प्रयोगशाळेची बाजू त्यांच्या संस्थेने सांभाळली होती. आणि अकरा वर्षांनी याच माणसाने लेख लिहून जाहीर केलं की पहिले आम्ही नाही.

असं कोण करतं? हा प्रश्न घेऊन मी परळला गेले.

पोथीतलं कात्रण

त्याआधी मावशीबद्दल सांगायला हवं. १९८६ मध्ये मी शाळेत होते आणि सुट्टीत वाईला मावशीकडे जायची. मावशीला मूल नव्हतं. हळदीकुंकवाचं बोलावणं तिला यायचं, बारशाचं यायचं नाही. डोहाळजेवणाला ती स्वयंपाकघरात राबायची, पण ओटी भरायच्या वेळी कुणीतरी तिला हळूच आत काहीतरी आणायला पाठवायचं. तीही जायची. ‘कूस उजवली नाही’ हे वाक्य तिच्यासमोर कुणी म्हणत नसे. ती पाठ फिरवून दोन पावलं गेली की म्हणत असत.

ऑगस्टमधल्या एका पेपरातला बाळाचा फोटो तिने कात्रीने कापून पोथीत ठेवला. तेव्हा तिची चाळिशी उलटली होती, त्यामुळे स्वतःसाठी आशा असावी असं मला वाटत नाही. खूप नंतर, मी मोठी झाल्यावर ती एकदाच म्हणाली होती, “म्हणजे तो दोष होता गं. पाप नव्हतं.” काकांची कधी तपासणी झाली नाही. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारणही असतं, हे आज कुठलाही डॉक्टर सांगेल. तेव्हा तो विचार आमच्या घरात कुणाच्या मनाला शिवलाही नाही. उपास मावशीने केले, प्रदक्षिणा मावशीने घातल्या.

ते कात्रण आता माझ्याकडे आहे. घडीवर फाटलंय.

परळची हवा

परळ स्टेशनातून बाहेर पडून केईएमकडे चालायला लागलं, की मुंबईचं एक वेगळंच रूप दिसतं. गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर आलेत, पण फुटपाथ अजून आजाऱ्यांच्या नातेवाइकांचे आहेत. टाटा मेमोरियलला आलेली कुटुंबं बोचकी उशाला घेऊन पडलेली. एक्स-रेची मोठी पिवळी पाकिटं काखेत धरून चाललेली माणसं. जवळच वाडिया प्रसूतिगृह, थोडं पलीकडे प्लेगच्या लशीची आठवण सांगणारी हाफकिन संस्था. केईएम आणि वाडिया दोन्ही १९२६ सालची. मूल व्हावं म्हणून, मूल जगावं म्हणून, माणूस वाचावा म्हणून आलेली गर्दी या एवढ्याशा टापूत शंभर वर्षं दाटून राहिली आहे.

प्रजनन संशोधनाची संस्था केईएमपासून हाकेच्या अंतरावर, जहांगीर मेरवानजी स्ट्रीटवर आहे. तिचं नाव आता बदललंय. माता-बालकांच्या आरोग्याचं कामही तिच्याकडे आलंय. मी फाटकासमोर बराच वेळ उभी राहिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची ही संस्था. शेजारी गरिबांचं सर्वांत मोठं आसरास्थान असलेलं महापालिकेचं रुग्णालय. हे काम एखाद्या खासगी पंचतारांकित हॉस्पिटलात आधी झालं असेल असं आजच्या वाचकाला वाटू शकतं. ते झालं इथे, सरकारी पगारावर.

हे शेजारपण महत्त्वाचं होतं. रुग्ण, शस्त्रक्रिया आणि प्रसूती यांचं ज्ञान केईएमकडे. संप्रेरकं मोजणं, शुक्राणू धुऊन तयार करणं, पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवणं हे संस्थेकडे. डॉ. हिंदुजा स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या, पण मानवी स्त्रीबीजाचं शरीराबाहेर फलन हाच विषय घेऊन त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी.ही केली. डॉक्टरने प्रयोगशाळेत बसायचं आणि शास्त्रज्ञाने वॉर्डातल्या बाईचा विचार करायचा, असं दोन्ही बाजूंनी जमल्याखेरीज हे काम होत नाही.

पाळणा लांबवण्याच्या काळात

ऐंशीच्या दशकातलं वातावरण आठवून बघा. भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची जखम ताजी. परळच्या त्या संस्थेच्या कामाचा मोठा भाग संततिनियमनाचाच होता : गोळ्या, इंजेक्शनं, त्यांचे परिणाम. या शहराला त्या विषयाचा वारसाही जुना. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये इथेच संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि आयुष्यभर त्याची किंमत मोजली. अशा देशात, अशा संस्थेत बसून ‘मूल होत नाही त्यांचं काय?’ हा प्रश्न विचारणं सोपं नव्हतं.

इंग्लंडातही ते सोपं गेलं नव्हतं. रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांना १९७१ मध्ये तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने पैसे नाकारले. जगात माणसं जास्त झालीत, मग वंध्यत्वावर खर्च कशाला, हा विचारही त्या नकारामागे होता. त्यांनी काम रेटलं आणि २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅममध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, लुईस ब्राउन, जन्मली.

आनंदकुमार मूळचे स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हेत, ते जीवशास्त्रज्ञ. परळला येण्याआधी दिल्लीच्या एम्समध्ये त्यांनी माकडांवर काम केलं. मेंदू प्रजननाची सूत्रं कशी हलवतो, हा त्यांचा विषय. त्यांच्या अभ्यासाचा एक धागा संततिनियमनाकडेही जात होता. मला यात विसंगती दिसत नाही. बीज कधी सुटतं, शुक्राणू त्याला कसा गाठतो, भ्रूण कुठे रुजतो, हे ज्याला नेमकं कळलं त्याला गर्भ राहू न देणंही कळतं आणि राहायला मदत करणंही. कुलपाची रचना एकच आहे. शिवाय कुटुंब छोटं ठेवा असं ज्या बाईला सांगायचं, तिला मूल हवं असताना दार बंद करायचं, हे कुठल्याही न्यायाने बसत नाही.

काचेपलीकडे

प्रत्यक्षात हे होतं कसं, ते बघायला मी मुंबईतल्याच एका केंद्रात गेले. तिथली एम्ब्रियॉलॉजिस्ट मूळची कोल्हापूरची, पंधरा वर्षं याच कामात. भेटीच्या आदल्या रात्री तिचा निरोप आला : उद्या सेंट, अत्तर, बॉडी स्प्रे काही लावू नका, गजराही नको. हवेतल्या वासाचे रेणूसुद्धा भ्रूणाला सोसत नाहीत. लॅबची हवा गाळून येते. भ्रूणाला प्रखर उजेडात उगाच ठेवत नाहीत, म्हणून खोलीत मंद पिवळा प्रकाश. मला देवळाच्या गाभाऱ्याची आठवण झाली, आणि ती जागाही तशीच होती. चपला बाहेर, आवाज खाली.

बाहेरच्या बाकावर सोलापूरकडचं एक जोडपं होतं. दोघं शिक्षक. त्यांची भाषा आता या जगाची झालेली : “आमचं पिकअप झालं, परवा ट्रान्सफर.” पिकअप म्हणजे बीजं काढणं, ट्रान्सफर म्हणजे भ्रूण गर्भाशयात ठेवणं. दहा-बारा दिवस रोज पोटावर इंजेक्शन, मग सोनोग्राफी. बीजकोशातल्या पिशव्या अठरा मिलिमीटरच्या आसपास वाढल्या की शेवटचं इंजेक्शन, आणि त्यानंतर चौतीस ते छत्तीस तासांत बीजं काढायची. तास चुकला की बीज आपोआप सुटून हाताबाहेर जातं. म्हणून त्या शेवटच्या इंजेक्शनसाठी हे नवराबायको मध्यरात्रीचा गजर लावून बसले होते.

आज सोनोग्राफीत बघत योनिमार्गातून सुई घालून पंधरा-वीस मिनिटांत बीजं काढतात. हर्षाच्या जन्माच्या काळात सर्रास रीत वेगळी होती : भूल द्यायची, पोटाला छिद्र पाडून दुर्बीण आत सरकवायची, आणि डोळ्यांनी बघत बीजकोशाला सुई टोचायची.

काढलेला लालसर द्रव नळीतून लॅबमध्ये येतो. एम्ब्रियॉलॉजिस्ट तो बशीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली शोधू लागते. स्त्रीबीज मानवी शरीरातली मोठ्यातली मोठी पेशी, तरी जेमतेम एक दशांश मिलिमीटर. भोवती पिंजलेल्या कापसासारखा पेशींचा पुंजका, तोच आधी दिसतो. मग शुक्राणूंबरोबर ती बशी इन्क्युबेटरमध्ये : ३७ अंश तापमान, पाच-सहा टक्के कार्बन डायऑक्साइड. सोळा-अठरा तासांनी बघायचं. आत दोन बारीक गोल दिसले, एक आईचा आणि एक बापाचा, तर फलन झालं. तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी. पाचव्या दिवशी आत पोकळी असलेला भ्रूण. त्यानंतर आई जे करते ते कुठल्याच यंत्राला येत नाही.

“हे सगळं आता तयार मिळतं,” ती म्हणाली. “आमचं मीडियम बाटलीत येतं. त्या लोकांनी काय केलं असेल!” पेशी ज्यात वाढवायच्या ते पोषक द्रावण त्या पिढीतल्या प्रयोगशाळांना स्वतः बनवावं लागे. पाण्यात किंचित दोष राहिला तरी सगळं वाया. द्रावण बरोबर आहे का हे कळायचा भरवशाचा मार्ग एकच होता : आधी उंदराचे भ्रूण त्यात वाढतात का बघायचं. ते वाढले, तर माणसाचं बीज त्यात ठेवायची हिंमत करायची. परळच्या चमूचं यश मला या न दिसणाऱ्या कष्टांत दिसतं. इतकी साखळी, आणि एक कडी निसटली की मूल नाही.

दुसरं यश कागदावरचं. परळचं काम टप्प्याटप्प्याने लिहिलं गेलं, तपासता येईल असं छापलं गेलं. गर्भ राहिल्याचं वृत्त आयसीएमआरच्या पत्रिकेत आलं. म्हणूनच हर्षाचा उल्लेख आजही ‘शास्त्रीय नोंद असलेली पहिली’ असा होतो. आनंदकुमार नोंदीचे माणूस होते. पुढे त्यांनी जे केलं ते याच सवयीतून आलं असं मला वाटतं.

कोलकात्याचे कागद

लुईस ब्राउननंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, पूजेच्या दिवसांत कोलकात्यात एक मुलगी जन्मली. घरच्यांनी लाडाने तिला दुर्गा म्हटलं. डॉ. सुभाष मुखर्जी हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ, गोठवण्याच्या तंत्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य, असे तिघेच या कामात होते. दोन पीएच.डी., एक कोलकात्याची आणि एक एडिंबराची, नावावर असलेला सुभाष मुखर्जींसारखा माणूस घरगुती वाटावी अशा साधनांवर काम करत होता.

आणि त्याची पद्धत! ओल्डहॅमला नैसर्गिक पाळीत सुटणारं एकच बीज पकडलं होतं. मुखर्जींनी संप्रेरकाची इंजेक्शनं देऊन एकापेक्षा अधिक बीजं वाढवली. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीतून काढलेलं ते औषध. इटलीत सुरुवातीला वृद्ध जोगिणींच्या मठांतून ती गोळा केली जाई. बीजं त्यांनी पोटातून न काढता योनिमार्गाने काढली. आणि भ्रूण लगेच आत न ठेवता गोठवला, दुसऱ्या पाळीत वितळवून गर्भाशयात ठेवला. इंजेक्शनं, योनिमार्ग, गोठवणं : आजचे कितीतरी उपचार याच तीन पायऱ्यांनी चालतात. गोठवलेल्या भ्रूणातून गर्भ राहिल्याचं ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं ते १९८३ मध्ये.

मुखर्जींचा दावा तपासायला राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक. भ्रूण कुठे ठेवले, असं विचारल्यावर मुखर्जी म्हणाले, सीलबंद कुपीत. कुपी सील कशी करतात? तापवून. मग भ्रूण मरत नाहीत? या पातळीवर त्या माणसाला उत्तरं द्यावी लागली. समितीने दावा फेटाळला. जपानहून आलेल्या निमंत्रणावर जायला परवानगी मिळाली नाही. जून १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्ररोग संस्थेत झाली. प्रजननावर आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञाला डोळ्यांच्या विभागात. १९ जुलै १९८१ रोजी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय पन्नास. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिलाय. त्या चित्रपटाचं मूळ या आयुष्यात आहे.

त्यानंतर सोळा वर्षं विषय जवळपास बंद होता. १९९७ मध्ये आनंदकुमार एका परिषदेसाठी कोलकात्याला गेले आणि मुखर्जींचे जुने कागद त्यांच्या हाती आले. हस्ताक्षरातल्या नोंदी, सरकारला दिलेला अहवाल, गोठवण्याच्या तंत्रावरच्या भारतीय नियतकालिकात १९७८ मध्ये छापलेलं छोटं टिपण.

ते वाचताना त्यांच्या मनात काय आलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला. समोर दोन वाटा होत्या. ‘पुरावा अपुरा’ म्हणून कागद परत देणं अगदी सोपं होतं. कुणी दोष दिला नसता. आधी सरकारी समितीनेच तसं म्हटलेलं होतं. आणि ‘भारतातला पहिला’ हा मान त्यांच्या स्वतःच्या संस्थेचा, स्वतःच्या सहकाऱ्यांचा होता. पण ज्याने बशीत भ्रूण वाढवलाय त्याला त्या नोंदी वाचता येत होत्या. कुठल्या दिवशी किती औषध, कुठल्या तासाला बीज, गोठवताना कुठलं रसायन. हे प्रत्यक्ष केल्याशिवाय लिहिता येत नाही, हे ओळखायला तोच माणूस हवा होता. रेडिओ-भौतिकीच्या प्राध्यापकांना जे दिसलं नाही ते आनंदकुमारांना दिसलं, आणि दिसलं ते त्यांनी लिहिलं. एप्रिल १९९७ च्या ‘करंट सायन्स’मध्ये लेख आला. शीर्षकातच त्यांनी मुखर्जींना भारताच्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा शिल्पकार म्हटलं.

माझ्या लेखी आनंदकुमारांच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत मोठं संशोधन आहे. त्याने हर्षाचा किंवा डॉ. हिंदुजांचा मान तसूभरही कमी होत नाही. डॉ. हिंदुजांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हर्षा स्वतः आई झाली तेव्हा प्रसूती त्यांनीच केली, आणि परळचं काम आपल्या जागी भक्कम उभं आहे. वाढलं ते एवढंच, की आपल्या देशात हे एकदा आधी झालं होतं, आणि करणाऱ्याला आपण जगू दिलं नाही, हे आता छापील अक्षरांत आहे. २००३ मध्ये दुर्गा पंचविशीची झाली तेव्हा ती लोकांसमोर आली आणि मुखर्जींबद्दल बोलली.

इंग्लंडातही असंच एक नाव राहून गेलं होतं. जीन पर्डी, लुईसच्या भ्रूणाच्या पेशी विभागताना पहिल्यांदा पाहणारी एडवर्ड्सची सहकारी. ओल्डहॅमच्या स्मृतिफलकावर तिचं नाव हवं म्हणून एडवर्ड्सने पत्रं लिहिली. ती मानली गेली नाहीत. पर्डी १९८५ मध्येच गेली होती. एडवर्ड्सला नोबेल मिळालं ते २०१० साली. त्याच वर्षी जानेवारीत आनंदकुमारांचं बंगळुरूत निधन झालं. निवृत्तीनंतर ते तिथे वंध्यत्व उपचारांचं काम करत होते आणि देशातल्या अशा केंद्रांनी कसं वागावं याचे नियम लिहिण्यातही त्यांचा हात होता. या उपचारांवर कायदा आला तो २०२१ मध्ये.

साक्षीदार

माझ्या भेटीच्या शेवटी त्या केंद्रात एक ट्रान्सफर होतं. मला काचेबाहेर थांबायची मुभा मिळाली, रुग्णाचं नाव ऐकू येणार नाही अशा अंतरावर. इन्क्युबेटर उघडण्याआधी एम्ब्रियॉलॉजिस्टने बशीवरचं नाव आणि क्रमांक मोठ्याने वाचला. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलीने हातातल्या फाइलवरून तेच पुन्हा वाचलं. त्या मुलीचं काम एवढंच, ऐकायचं, बघायचं आणि सही करायची. त्यांच्या भाषेत ती ‘विटनेस’. एकाचा भ्रूण दुसऱ्याला जाऊ नये म्हणून प्रत्येक पायरीवर अशी दुसरी व्यक्ती लागते. पहिलीने वेळ लिहिली, दुसरीने खाली सही केली, मग पिपेट उचलली.

बाहेर सोलापूरचे शिक्षक फाइल मांडीवर धरून बसले होते. ट्रान्सफरनंतर त्यांना चौदा दिवस थांबायचं होतं, मग गर्भ राहिला का हे सांगणारी रक्ततपासणी, ज्याला इथले सगळे नुसतं ‘बीटा’ म्हणतात. मी निघताना बाईंनी विचारलं, “तुम्ही यावर लिहिणार आहात ना? मग एक लिहा. आमच्या शाळेत अजून मला बारशाला बोलवत नाहीत.”

मी मावशीचं कात्रण पर्समधून काढून त्यांना दाखवलं. त्यांनी ते हलक्या हाताने उलगडलं, फोटो पाहिला, आणि घडीवर फाटलेला भाग बोटाने सरळ करत राहिल्या.